इरले आणि छत्र

व्हिएतनामी स्त्रियांची ताडवर्गीय पानांची निमुळती टोपी, 'नॉन ला', आपण चित्रांतून ओळखतो. तिची आपल्याकडची बहीण, इरले, मात्र विस्मृतीत चालली आहे. कोकण-मावळच्या भातखाचरांत लावणी करणाऱ्या बाईच्या पाठीवर ते असे. बांबूच्या कामट्यांच्या विणीत पळसाची किंवा सागाची पाने दाटून बसवलेली; डोक्यापासून कमरेपर्यंत पालथ्या होडीसारखा आडोसा. नॉन ला ऊन-पाऊस दोन्ही अडवते. इरले पावसासाठीच, वाकलेल्या पाठीच्या मापाने घडवलेले. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात नवापूरकडे भात पिकतो, तिथे त्याचे मोल सहज कळावे. रनाळ्याकडे पाऊसच बेताचा.

इतिहासाने नोंद ठेवली ती छत्राची. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, शिवाजी महाराज छत्रपती झाले. राजाचे छत्र दुसऱ्याने धरायचे असते. लावणी करणारीचेही दोन्ही हात मोकळे हवेत. तिच्यावर छत्र कोण धरणार? इरले हे या प्रश्नाचे उत्तर होते. (पुढे छत्री स्वस्त झाली, तरी खाचरात ती निरुपयोगीच, कारण तेच.) त्याला हटवले ते प्लास्टिकच्या कागदाने. त्याबद्दल हळहळणे आम्हा शिकलेल्यांना सोपे. ओल्या इरल्याचे ओझे दिवसभर आम्ही वाहिलेले नाही.

ह्युए शहरातल्या टोप्यांत पानांच्या दोन थरांमध्ये कवितेच्या ओळी ठेवतात. टोपी उजेडाकडे धरली की त्या दिसतात. इरल्याच्या पानांत कुणी काही लिहिले नाही. ती वाळून फाटत आणि पुढच्या पावसाआधी नवी भरावी लागत.