साधा प्रकार, संयुक्त प्रकार आणि ‘व इतर’

मंडळी, आजचा विषय कॉम्प्युटरचा आहे, पण घाबरू नका. ज्याने आयुष्यात एकदा तरी सातबारा हातात धरून वाचला आहे, त्याला तो निम्मा कळलेलाच आहे.

माहिती एका कॉम्प्युटरकडून दुसऱ्याकडे पाठवायची, तर तिच्यावर खुणा कराव्या लागतात. हे नाव, हे क्षेत्र, ही तारीख. अशा खुणांची एक पद्धत १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रमाण म्हणून जाहीर झाली. तिचं नाव एक्सएमएल. तिची मुळं त्याहून जुनी, थेट १९६९ सालच्या आयबीएम कंपनीतल्या कामापर्यंत जातात. या खुणा मराठीतही करता येतात, म्हणजे ‘खातेदार’ ही खूण देवनागरीत लिहिली तरी नियमात बसते.

सुरुवातीला एक उणीव होती. कोणत्या खुणेच्या आत कोणती खूण यावी आणि कोणत्या क्रमाने, एवढं सांगता येत असे. पण आतला मजकूर आकडा आहे की तारीख, हे बजावता येत नसे. क्षेत्राच्या जागी कुणी ‘भरपूर’ असं लिहिलं, तरी यंत्राची हरकत नसे! म्हणून २ मे २००१ रोजी ‘एक्सएमएल स्कीमा’ नावाचे नियम आले. स्कीमा म्हणजे कोऱ्या नमुन्याचा आराखडा. त्यात माहितीचे दोन प्रकार केले.

पहिला साधा प्रकार, सिंपल टाइप. याच्या पोटात दुसरी खूण नसते, फक्त एक मूल्य असतं. अक्षरं, दशांश संख्या, तारीख, होय-नाही असे १९ मूळ प्रकार आणि त्यांच्यापासून साधलेले २५ तयारच दिले होते. त्यांना आणखी बंधनं घालता येतात. अमुकपेक्षा कमी नको, किंवा ‘जिरायत’ आणि ‘बागायत’ यांपैकीच एक हवं, अशी.

दुसरा संयुक्त प्रकार, कॉम्प्लेक्स टाइप. याच्या पोटात इतर खुणा असतात. कोणती आधी, कोणती नंतर, कोणती किती वेळा, हे ठरवून देता येतं. व्याकरणाच्या भाषेत बोलायचं तर पहिला सुटा शब्द आणि दुसरा सामासिक, ज्याचा विग्रह करता येतो.

आता आपल्याकडे या. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी मुंबई इलाख्यात बसवलेली मोजणीची पद्धत १८६०च्या दशकात इकडे आली. तेव्हा आपला जिल्हा वणीच्या नावाने ओळखला जाई, १९०५ साली तो यवतमाळ झाला. पुढे आपण १९५६पर्यंत मध्य प्रदेशात, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६०पासून महाराष्ट्रात. विदर्भ, मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र, प्रत्येकाचे जमिनीचे कायदे वेगळे. ते महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिने एकत्र केले. गाव नमुने १ ते २१. त्यातला ७ हा अधिकार अभिलेख, १२ ही पिकांची नोंदवही, दोन्ही मिळून सातबारा. कॉम्प्युटरशिवाय केलेला तो एक स्कीमाच म्हणा ना!

साधं काय आणि संयुक्त काय, हे ओळखणं मात्र दिसतं तितकं सोपं नाही. जुन्या उताऱ्यावर ४.२० लिहिलेलं असे, म्हणजे ४ एकर २० गुंठे. दिसायला दशांश संख्या. पण दोन भावांचे असे तुकडे यंत्राला जोडायला सांगा, ते ८.४० सांगेल. खरं उत्तर ९ एकर, कारण ४० गुंठ्यांचा एक एकर होतो. म्हणजे हा आकडा साधा नव्हताच, एकर आणि गुंठे असे दोन भाग पोटात असलेला संयुक्त प्रकार होता. १०० आरांचा हेक्टर आला आणि मग तो खऱ्या अर्थाने दशांश झाला. गंमत अशी की, खुणेचं नाव मराठीत चालतं, पण दशांश प्रकारात देवनागरी आकडे चालत नाहीत. ४.२० असे आपले आकडे घातले की यंत्र नोंद नाकारतं.

आकड्यांचं निभावतं. माणसांचं काय?

खातेदाराचं नाव हे साधं मूल्य मानलं, तर एका ओळीत मावेल तेवढंच लिहिलं जातं. थोरल्या भावाचं नाव आणि पुढे ‘व इतर’. किंवा ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. त्या दोन शब्दांत धाकटे भाऊ, आई आणि बहिणी. भाऊ निदान बांधावर दिसतात. सासरी गेलेली बहीण ना बांधावर, ना कागदावर. यंत्राला विचारा, या गावात किती बायकांच्या नावे जमीन आहे? त्याला ‘इतर’ मोजता येत नाही.

याउलट खातेदार हा संयुक्त प्रकार केला, म्हणजे नाव, हिस्सा, फेरफार क्रमांक, आणि ‘ही खूण कितीही वेळा येऊ शकते’ असं स्कीमात लिहिलं, की प्रत्येकीला स्वतःची जागा मिळते. सातबारा एक्सएमएलमध्येच ठेवतात, असं मी म्हणत नाही. विचार तोच आहे, एवढंच.

कायद्याने आपल्याकडे ही जागा केव्हाच दिली. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, केंद्राने २००५ साली. वडील २००५च्या आधी वारले असले तरी हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. पत्नीचं नाव सातबाऱ्यावर यावं म्हणून शेतकरी संघटनेने १९९०च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, तीही हेच सांगत होती.

आमचं राजूर कोळशाचं. या पट्ट्यात जमीन खाणीसाठी गेली की मोबदला उताऱ्यावरच्या नावाने येतो. ‘इतर’च्या नावाने चेक निघत नाही. म्हणून नात्यातल्या सर्वांना सांगणं आहे की, दिवाळीला जमाल तेव्हा उतारा काढून समोर ठेवा आणि त्यातल्या ‘व इतर’चा विग्रह करा. कोण कोण आहेत ते नावानिशी लिहा, आणि त्याप्रमाणे फेरफाराचा अर्ज द्या.

आत्या, मावश्या, ताया... सगळ्या त्यात आहेत. असो.