कालियाचा डोह आणि कोरडा कॅमेरा

सेमाडोहला सिपनेच्या काठी उभे राहा. उन्हाळ्यात मेळघाटातल्या नद्या ठिकठिकाणी तुटतात, डोहात तेवढं पाणी राहतं. डोहात वाका: हातभर खालचा दगड दिसतो, पुढे नुसता हिरवट गढूळपणा. अशा पाण्याखालचं चित्रण कसं करायचं? त्यासाठी आता सरका मागे. साल 1919.

तुम्ही नाशिकला आहात, हिंदुस्थान फिल्म कंपनीत, दादासाहेब फाळक्यांच्या हाताखाली. काम चाललंय ‘कालिया मर्दन’चं. कृष्ण झालीय दादासाहेबांची लेक मंदाकिनी, वय वर्षं सात. 1912 साली दादासाहेबांनी लंडनहून आणलेल्या विल्यमसन कॅमेऱ्यावर तुमचा हात बसलाय. लाकडी पेटी, बाजूला हँडल. एका फेऱ्याला आठ चित्रं, सेकंदाला दोन फेरे. तोंडातल्या तोंडात मोजत राहायचं. उन्हाने घाम डोळ्यांत उतरला तरी हात अडखळता कामा नये, नाहीतर पडद्यावर माणसं तुरुतुरु पळतात. फितीला भोकं पाडायची ती रात्री, अंधारात. सुरुवातीच्या दिवसांत ते काम दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाईंनीही केलंय.

कृष्णाने डोहात उडी घेतली की कालिया नागाशी झुंज पाण्याखाली. पण ही पेटी पाण्यात कशी न्यायची? लाकूड फुगेल, फितीवरचं जिलेटिन सुटेल, काचेवर वाफ धरेल. पाण्याखालच्या चित्रणाची सगळी मेख इथेच आहे: कॅमेरा कोरडाच राहिला पाहिजे.

आणखी पाच वर्षं मागे, बहामाच्या समुद्रावर चला. इथेही एक विल्यमसन आहे, जॉन अर्नेस्ट; कॅमेरावाल्या विल्यमसनशी याचा संबंध नाही. याच्या वडिलांनी, जहाजाच्या कप्तानाने, तराफ्यातून खाली सोडायची लोखंडी कड्यांची लवचीक नळी बनवली. तिच्या टोकाला खोली, खोलीला जाड काच. तुम्ही नळीतून उतरता, कॅमेरा मांडता, हँडल फिरवता. अंगावरचे कपडे ओले होत नाहीत. पाण्यात तांबडा रंग आधी विरतो, आणि त्या काळच्या फितीला तांबडं दिसतच नसे. म्हणजे तक्रारीला जागाच नाही. याच युक्तीने 1916 चा ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ निघाला. समुद्र अस्सल, पाणबुडे अस्सल, ऑक्टोपस मात्र बनावट!

परत 1919. तसली नळी दादासाहेबांकडे नाही. हँडल उलटं फिरवून त्याच फितीवर दुसरं चित्र घेणं, मधेच थांबवून माणूस गायब करणं, ही त्यांची हत्यारं. मला विचाराल तर दोघांत अधिक धीट दादासाहेबच.

थेटरात बसा. कालियाच्या आधी पडद्यावर मंदाकिनीचा चेहरा येतो: हसते, रुसते, घाबरते. ही सात वर्षांची पोर आहे, हे दादासाहेब उघड दाखवून टाकतात. मग तीच उडी मारते. तुमच्या शेजारचे आजोबा केव्हाच हात जोडून बसलेत.