गुगल समर ऑफ कोड: कॉलेजचं नाव नाही, आधी केलेलं काम बघतात

‘गुगल समर ऑफ कोड’, मुलांच्या भाषेत ‘जीसॉक’, हा उपक्रम २००५ पासून दरवर्षी चालतो. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता, बदलता आणि पुढे देता येतो असं सॉफ्टवेअर. लिबरऑफिस, डेबियन, विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी, ही त्याची उदाहरणं. नवख्याने अशा एखाद्या प्रकल्पात अनुभवी मेंटॉरच्या देखरेखीखाली कोड लिहायचा आणि मानधन गुगलने द्यायचं, अशी ही व्यवस्था. काम घरबसल्या होतं. निपाणीत राहता की इंदुरात, कुणी विचारत नाही.

२०२१ पर्यंत फक्त विद्यार्थ्यांना प्रवेश होता. २०२२ पासून १८ वर्षं पूर्ण झालेला, ओपन सोर्समध्ये नवा असलेला कुणीही अर्ज करू शकतो. प्रकल्प ९०, १७५ किंवा ३५० तासांचे असतात. मानधन देशागणिक बदलतं. भारतातल्यांना ३५० तासांच्या प्रकल्पाला ३००० डॉलर, म्हणजे साधारण अडीच लाख रुपये मिळतात. १७५ तासांना त्याच्या निम्मे. रक्कम दोन हप्त्यांत येते, आणि मधल्या मूल्यमापनात मेंटॉरने नापास केलं तर काम तिथेच थांबतं. ही गुगलची नोकरी नव्हे, इंटर्नशिपही नव्हे. काही कॉलेजांच्या फलकांवर ‘गुगलमध्ये निवड’ असं झळकतं, ते बरोबर नाही.

विद्यार्थी गुगल निवडत नाही, संस्था निवडतात. किती जागा द्यायच्या एवढंच गुगल ठरवतं. संस्थांची यादी साधारण फेब्रुवारीत लागते, अर्ज मार्च-एप्रिलमध्ये, निकाल मेच्या सुरुवातीला. एकाला तीन प्रपोजलं देता येतात, निवड एकाचीच होते. यादी लागल्यावर जागा होणारे इथेच मागे पडतात. मेंटॉरला अर्जाआधीच ओळखीचा झालेला माणूस हवा असतो; बऱ्याच संस्था तर अर्जापूर्वी एखादा लहान पॅच मागतातच. म्हणून दिवाळीनंतर लगेच सुरुवात केलेली बरी. रोज वापरतो असं एक सॉफ्टवेअर निवडायचं, ते आपल्या मशीनवर बिल्ड करून बघायचं. पहिले चार दिवस यातच जातात, घाबरू नये. मग नवख्यांसाठी राखून ठेवलेला एखादा बग घ्यायचा. कोड पाठवला की मेंटॉर त्यात दहा चुका काढतो. तो अपमान नसतो, तिथली कामाची पद्धतच तशी आहे. दुरुस्त करून पुन्हा पाठवायचं.

इंग्रजीची धास्ती मराठी माध्यमातल्या मुलांना जास्त असते. फर्डं इंग्रजी लागत नाही. काय केलं, कुठे अडलं, काय करून पाहिलं, हे साध्या चार वाक्यांत सांगता आलं की पुरे. एआयकडून सजवून घेतलेल्या प्रपोजलपेक्षा मोडक्या इंग्रजीतलं, पण स्वतः कोड वाचून लिहिलेलं प्रपोजल केव्हाही वजनदार.

नाव ‘समर’ असलं तरी काम आपल्याकडे पावसाळ्यात येतं. ३५० तास बारा आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला जवळजवळ तीस तास लागतात, आणि तेव्हा नवं सेमिस्टर सुरू झालेलं असतं. परीक्षेच्या तारखा प्रपोजलमध्येच लिहाव्यात. मुदत वाढवून मिळते, पण मेंटॉरशी आधी बोललात तर.

मराठीचं काम करायचंय असं काही जण विचारतात. नुसतं भाषांतर जीसॉकमध्ये चालत नाही, कोड लिहावा लागतो. देवनागरी जोडाक्षरं नीट दिसणं, शुद्धलेखन तपासणी, टायपिंगची साधनं असे प्रश्न मात्र कोडचेच आहेत. संस्थेच्या यादीत तसा विषय नसला तरी तो आपण सुचवू शकतो. मेंटॉर मिळाला पाहिजे एवढंच.

अर्जाला एक रुपयाही फी नाही. निवड करून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर देऊ नका. आणि निवड झाली नाही, तरी आधी पाठवलेले पॅच प्रकल्पात तुमच्या नावानेच राहतात. पुढच्या वर्षीच्या अर्जात ते दाखवता येतात.