इंजिन-संगणक आणि अंकीय दर्शकफलक : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

नवी मुंबईतील करावे येथे १९९३ मध्ये 'टी. एस. चाणक्य' ही सागरी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. 'डफरिन' (१९२७) व 'राजेंद्र' (१९७२) या प्रशिक्षण-जहाजांची परंपरा तिच्या रूपाने किनाऱ्यावर आली. येथे शिकून बाहेर पडणारा नौअधिकारी पुढे जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे इंजिनापासून दूर उभा राहतो. इंजिनाची स्थिती त्यास समोरील दर्शकावरून जाणावी लागते. यंत्राचा निरोप माणसापर्यंत अचूक कसा पोहोचावा, हा प्रश्न मोटारीसही तितकाच लागू आहे. जुने, आज्ञावली बदलता येणारे इंजिन-संगणक नव्या अंकीय दर्शकफलकांना जोडताना तो विशेष तीव्र होतो. प्रस्तुत लेखात या जोडणीचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

जोडणीच्या दोन पिढ्या

१९६० च्या दशकात रूढ झालेली 'आरएस-२३२' ही सिरियल जोडणी दोन उपकरणांपुरती होती. तिने विद्युत संकेत ठरविले. संदेशाचा अर्थ मात्र प्रत्येक उत्पादकाने आपापल्या परीने ठरविला. बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेल्या 'कॅन' पद्धतीत एकाच तारजोडीवर अनेक उपकरणे बोलू लागली. १९९३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. याच पायावर अवजड वाहनांसाठी 'जे-१९३९' आणि नौकांसाठी 'एनएमईए-२०००' ही मानके उभी राहिली. नौकांवरील १९८३ चे 'एनएमईए-०१८३' सेकंदास ४,८०० बिट या वेगाने चाले. नव्या मानकाचा वेग २,५०,००० बिट आहे.

भाषांतराचा प्रश्न

तार जुळली म्हणजे अर्थ जुळतोच असे नाही. बोलिंग व ग्रिपो यांनी २००१ मध्ये पुढे आणलेल्या 'मेगास्क्वर्ट' या संगणकाचे उदाहरण बोलके आहे. त्याची पहिली आवृत्ती आपणहून काही सांगत नसे. सिरियल तारेवरून 'ए' हे अक्षर पाठविले की ती मोजमापांचे बाइट परत धाडी. त्यात इंजिनाचा वेग शेकड्यांत असे. मिनिटास ३,२०० फेरे असल्यास ती ३२ हा आकडा देई. हाच वेग 'जे-१९३९' मध्ये २५,६०० आणि 'एनएमईए-२०००' मध्ये १२,८०० असा लिहिला जातो, कारण पहिल्याचे एकक फेऱ्याचा अष्टमांश, तर दुसऱ्याचे चतुर्थांश आहे. एका मानकाचा आकडा दुसऱ्याच्या एककाने वाचल्यास वेग दुप्पट किंवा निम्मा दिसेल. तापमानाचेही तसेच : ९० अंश सेल्सिअस पहिल्यात १३०, तर दुसऱ्यात ३६,३१५ असे येते. म्हणून जुना संगणक व नवा फलक यांमध्ये दुभाष्याचे काम करणारे परिवर्तक उपकरण लागते. ते जुन्या संगणकास विचारते, उत्तराचे एकक बदलते आणि नव्या मानकाचा संदेश तयार करते.

मात्र दुभाष्यालाही मर्यादा आहे. ३,२१० आणि ३,२४० यांतील भेद ज्या संगणकाने ३२ म्हणतानाच गाळला, तो कोणताही फलक परत आणू शकत नाही. फलकावर चार अंक उमटतात आणि पाहणाऱ्यास सूक्ष्म मोजमापाचा भास होतो.

निष्कर्ष

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, जुन्या यंत्राचे आयुष्य केवळ त्याच्या सुट्या भागांवर नव्हे, तर त्याच्या संदेशरचनेच्या लिखित नोंदींवर अवलंबून असते. नोंद हरवली की चालू स्थितीतील संगणकही मुका ठरतो. दुसरी, दर्शकाची झळाळी ही अचूकतेची हमी नव्हे. मोटारचालक असो वा ब्रिजवरील अधिकारी, आकड्यावर विसंबण्यापूर्वी तो कोठून आणि कोणत्या एककातून आला, हे त्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे.