ओळी मोजण्याची कुळकथा

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात डॉ. आ. ने. उपाध्ये 1930पासून अर्धमागधी शिकवत. 'प्रवचनसार' (1935), 'कुवलयमाला' (1959) असे प्राकृत ग्रंथ त्यांनी हस्तलिखितं पडताळून संपादित केले. अशा जैन पोथ्यांच्या शेवटी पुष्कळदा 'ग्रंथाग्र' म्हणून एक आकडा येतो. तो ओळींचा नव्हे. 32 अक्षरांचा, म्हणजे एका अनुष्टुभ श्लोकाएवढा मजकूर हा एक 'ग्रंथ'. पोथी गद्य असो वा पद्य, माप तेच. ताडपत्र लांब, कागद अरुंद, त्याप्रमाणे ओळी कमीजास्त होतात. अक्षरं तेवढीच राहतात. लेखनिकाची मजुरीही याच हिशेबाने ठरे, आणि मधली पानं गळाली असतील तर हा आकडाच ते उघड करी.

आज कोल्हापुरातला संगणकाचा विद्यार्थी फोल्डरांतल्या ओळी मोजायची स्क्रिप्ट लिहितो, तेव्हा डब्ल्यूसी ही कमांड वापरतो. तिचं घराणंही लेखनिकांचंच. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये युनिक्स ही संगणकप्रणाली घडवणाऱ्यांना नवं यंत्र मिळालं ते मजकूर-जुळणीच्या कामासाठी, आणि पहिलं गिऱ्हाईक होतं पेटंट विभाग. त्या कामातले जो ओसाना यांनी डब्ल्यूसी लिहिली. नोव्हेंबर 1971च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेतली डब्ल्यूसी शब्द मोजते, मजकुराच्या ओळी मोजते आणि टिंबाने सुरू होणाऱ्या ओळी वेगळ्या मोजते; कारण त्या ओळी म्हणजे मजकूर कसा मांडायचा याच्या सूचना. मजकूर कोणता आणि सूचना कोणती, हा विवेक तिच्यात जन्मापासून होता. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो, कारण पुढे तो भेद गळाला. आजची डब्ल्यूसी ओळींसाठी ओळ संपल्याची खूण तेवढी मोजते. फाइलीच्या शेवटच्या ओळीला ती खूण नसेल तर ती ओळ हिशेबात येतच नाही.

1973मध्ये डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहातून युनिक्समध्ये पाइप आला आणि कमांडी एकमेकींना जोडता येऊ लागल्या. फाइंड फायली हुडकते, एक्सआर्ग्ज त्यांची नावं डब्ल्यूसीच्या हाती देते. गोम इथेच आहे. फायली हजारोंनी असल्या की एक्सआर्ग्ज त्यांचे गट पाडते आणि प्रत्येक गटाची बेरीज वेगळी छापली जाते; शेवटचीच पाहिली की हिशेब फसला. नावात मोकळी जागा असेल तर एका फाइलीच्या दोन होतात. म्हणून नावं शून्य-अक्षराने (नल) वेगळी करावीत, सगळ्या फायली कॅट या कमांडमधून एकत्र घ्याव्यात आणि डब्ल्यूसी शेवटी एकदाच चालवावी. आणि प्रोजेक्टच्या अहवालात आकड्याशेजारी एवढं जरूर लिहा: रिकाम्या ओळी आणि कॉमेंट धरल्या, की गाळल्या.