परिच्छेदातले ‘विशेष’



जुन्या मराठी पत्राची एक ठरलेली रीत होती. आरंभी मायना, मग नमस्कार अथवा आशीर्वाद, मग येथील कुशल कळवून तेथील कुशल लिहिण्याविषयी विनंती. आणि एवढे झाल्यावर ‘विशेष’ हा शब्द. पत्राचे खरे काम या शब्दापासून सुरू होई. इतिहासाच्या पुस्तकातील परिच्छेद अशी खूण करून देत नाही. तेथे ‘विशेष’ कोठे लिहावयाचे, हे वाचणाऱ्यानेच ठरवावयाचे असते. ते कसे ठरवावे, एवढाच आजचा विषय आहे.

उदाहरणासाठी एक लहान परिच्छेद मुद्दाम रचला आहे. तो असा :

“बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर कणकुंबी हे गाव आहे. येथे मलप्रभा नदी उगम पावते. आठव्या शतकात चालुक्यांनी उभारलेल्या पट्टदकलच्या देवळांजवळून वाहत जाऊन ती कूडलसंगम येथे पूर्ववाहिनी कृष्णेस मिळते. कणकुंबीजवळच्या कळसा नाल्याचे पाणी मात्र म्हादईत उतरते आणि गोव्यातून, मांडवी या नावाने, पश्चिम समुद्रास जाते. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत हा तालुका मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. पुढे कळशाचे पाणी मलप्रभेकडे वळविण्याच्या योजनेवरून कर्नाटक आणि गोवा यांच्यात तंटा झाला. त्यासाठी २०१० साली लवाद स्थापन झाला आणि २०१८ साली त्याने निवाडा दिला.”

या सात वाक्यांचा मुख्य विचार कोणता? घाईचा विद्यार्थी पहिल्याच वाक्याखाली रेघ ओढील. शिल्पाचा प्रेमी पट्टदकलपाशी थांबेल. कोणी म्हणेल, ‘कणकुंबीची माहिती’. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. विषय एका शब्दात सांगता येतो. मुख्य विचार सांगावयास पूर्ण वाक्य लागते. कणकुंबीविषयी लेखकाने काय म्हटले, ते आपल्याला हवे आहे.

हा शोध आपल्याकडे फार जुना आहे. मीमांसकांनी त्याला तात्पर्यनिर्णय म्हटले आणि त्यासाठी कसोट्या घालून दिल्या. ग्रंथाचा उपक्रम व उपसंहार काय, पुन्हा पुन्हा काय सांगितले आहे, नवे काय सांगितले आहे, त्याचे फल काय, नुसत्या स्तुतीचा म्हणजे अर्थवादाचा भाग कोणता, आणि उपपत्ती कोणती, हे पाहावे असा तो दंडक. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळकांनी पहिल्याच प्रकरणात याच कसोट्यांचा आधार घेतला. अर्जुन प्रारंभी लढावयास नकार देतो व शेवटी युद्धास उभा राहतो, या उपक्रमोपसंहारावर त्यांचा मोठा भर होता. त्यांचा निष्कर्ष सर्वांनी मानला असे नाही. पण कसोटी उघड मांडलेली असली म्हणजे मतभेदही नीट करता येतो.

तीच कसोटी आपल्या परिच्छेदास लावू. आरंभी सह्याद्रीचा माथा आहे, शेवटी पाण्याचा तंटा आहे. मध्ये वारंवार आले आहे ते पाण्याचे जाणे : उगम पावते, मिळते, उतरते, वळविणे. पट्टदकलची देवळे नदीचे वैभव सांगतात. तो अर्थवाद झाला. ते शब्द काढून टाकले तरी परिच्छेद उभा राहतो. चौथे वाक्य काढा. सारा परिच्छेद कोसळतो, कारण तंटा कशामुळे झाला हेच मग कळत नाही. त्या वाक्यातील ‘मात्र’ या लहान शब्दावर सगळा भार आहे. तेव्हा मुख्य विचार असा : कणकुंबीच्या माथ्यावर पाण्याच्या दोन वाटा होतात, म्हणून एवढेसे गाव दोन राज्यांच्या तंट्याचे स्थान झाले. हे वाक्य परिच्छेदात कोठेच लिहिलेले नाही, तरी सातही वाक्ये त्याच्याच भोवती उभी आहेत.

आता पाचव्या वाक्याकडे वळू. सीमाभागातील मराठी वाचकाची दृष्टी तेथेच खिळेल, आणि ते स्वाभाविक आहे. १९५६ च्या १ नोव्हेंबरपासून चालत आलेले दुःख, १९६६ साली नेमलेला महाजन आयोग, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, हा सारा इतिहास त्या एका ओळीमागे आहे. पण ती ओळ आपल्या मनातली सर्वांत मोठी असली, तरी या परिच्छेदातली सर्वांत मोठी नाही. आपल्याला लागलेले वाक्य आणि लेखकाने सांगितलेले वाक्य, ही दोन वेगळी ठेवणे हे इतिहासवाचनातील सर्वांत कठीण काम होय.

हा केवळ परीक्षेतील गुणांचा प्रश्न नाही. महाजन आयोगाने बेळगाव म्हैसूरकडे ठेवावे असे सुचविले, आणि निपाणी व खानापूर महाराष्ट्रास द्यावे असेही सुचविले. दोन्ही शिफारशी एकाच अहवालातील आहेत. परंतु ज्याला जी सोयीची, ती तेवढीच त्याच्या तोंडी राहिली. सरकारी अहवाल, लवादाचे निवाडे, न्यायालयाचे निर्णय हे सारे अखेर परिच्छेदच असतात, आणि त्यांतून आपापले वाक्य उचलणारांची वाण कोणत्याच प्रांतात नसते.

म्हणून मुलांना इतिहास वाचावयास देताना सनावळीच्या आधी एक प्रश्न विचारावा : यातले कोणते वाक्य काढले असता बाकीची वाक्ये निराधार होतील? प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर देताना मुलाला आपली आवड क्षणभर बाजूस ठेवावी लागते. समोरच्याच्या लिखाणातील ‘विशेष’ ज्याला प्रामाणिकपणे सांगता येते, त्याने स्वतःचे गाऱ्हाणे मांडले म्हणजे तेही लोक शेवटपर्यंत ऐकून घेतात.