सामान्य शिक्षणाची चार उद्दिष्टे आणि भाषेचा प्रश्न

हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी १९४३ मध्ये नेमलेल्या समितीने सामान्य शिक्षणाविषयीचे आपले प्रतिवृत्त १९४५ साली प्रसिद्ध केले. पदवीधराच्या अंगी कोणत्या शक्ती बाणाव्यात याचे उत्तर तीत चतुर्विध आहे: परिणामकारक विचार, त्या विचाराचे संप्रेषण, प्रस्तुत निर्णय आणि मूल्यविवेक. केवळ विषयांच्या यादीवर न थांबता मनोव्यापारांनाच उद्दिष्ट मानले, हे त्याचे खरे वैशिष्ट्य. अभ्यासक्रमाची मांडणी मात्र मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे व निसर्गविज्ञाने अशी विषयवारच राहिली.

भाषाभ्यासकाचे लक्ष दुसऱ्या उद्दिष्टावर खिळते. तेथे इंग्रजी ही अध्यापनाची आणि बहुतेकांच्या घरचीही भाषा. त्यामुळे संप्रेषण कोणत्या भाषेत, हा प्रश्न निकडीचा नव्हता. आपल्याकडे तो पहिला प्रश्न होता. राधाकृष्णन आयोगाने १९४९ च्या प्रतिवृत्तात सामान्य शिक्षणाचा पुरस्कार केला; माध्यमाचा विचार मात्र स्वतंत्र प्रकरणात केला. ही फारकत मला खटकते. मराठीत विचार करून इंग्रजीत उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे पहिले उद्दिष्ट हुकले की दुसरे, हे परीक्षकाने उत्तरपत्रिकेवरून ओळखावे तरी कसे?